तोंडी हुकूम आणि उडते यंत्र

डीजेआय या चिनी कंपनीने 2024 च्या सप्टेंबरात निओ नावाचा ड्रोन बाजारात आणला. वजन 135 ग्रॅम. तो तळहातावरून उडतो, तळहातावर येऊन बसतो आणि मोबाइलमधल्या ॲपमार्फत तोंडी सांगितलेलेही ऐकतो. दुसऱ्या टोकाला लढाऊ विमानांच्या जोडीने उडणारी मानवरहित विमाने आहेत. त्यांच्याशी वैमानिकाने कसे बोलावे, याचा विचार अमेरिका-ऑस्ट्रेलियापासून आपल्या बंगळुरूपर्यंत चालू आहे. या दोन टोकांच्या मध्ये फवारणीचे, मोजणीचे, पुलांच्या तपासणीचे ड्रोन येतात. सगळीकडे पहिला प्रश्न एकच असतो: यंत्राला आपले बोलणे कळते का? माझ्या मते हा प्रश्न आता दुय्यम झाला आहे. बोलून काय सांगावे, काय हातानेच करावे आणि यंत्राने ऐकल्यापासून ते वळेपर्यंत मध्ये कोणकोणत्या चौक्या असाव्यात, यावर सारे अवलंबून आहे. माणसामाणसांतल्या बोलण्याबाबत हे धडे विमानवाहतूक फार मोठी किंमत देऊन शिकली. ड्रोनवाल्यांनी ते बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याचे काही कारण नाही.

बोलणे ओळखणारी यंत्रे विमानात आली ती बरीच उशिरा आणि बिचकत. 1952 मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या ‘ऑड्री’ला फक्त शून्य ते नऊ हे आकडे कळत, तेही ओळखीच्या आवाजात. 1976 च्या सुमारास कार्नेगी मेलन विद्यापीठातली ‘हार्पी’ ही प्रणाली सुमारे हजार शब्दांपर्यंत पोचली. 1980 च्या दशकात अमेरिकेने एफ-16 च्या एका प्रायोगिक विमानात तोंडी आज्ञांच्या चाचण्या घेतल्या. प्रत्यक्ष सेवेत मात्र हे तंत्र युरोफायटर टायफून या लढाऊ विमानामुळे रुळले, आणि त्याची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. शब्दसंग्रह सुमारे 200 शब्दांचा. प्रत्येक वैमानिकाने आधी आपल्या आवाजाचे नमुने द्यायचे. मायक्रोफोन मुखवट्याच्या आत, ओठांपासून दोन बोटांवर. बोलल्यावर यंत्राला काय कळले ते समोर दिसणार किंवा कानात ऐकू येणार. एवढे सगळे अनुकूल असताना आणि वैमानिक वर्षानुवर्षे प्रशिक्षण घेतलेला असतानाही दोन गोष्टी आवाजाच्या हाती दिल्या नाहीत: शस्त्र सोडणे आणि चाके खाली करणे. रेडिओची वारंवारता बदलणे, पडद्यावरची माहिती बदलणे, मार्गबिंदू निवडणे ही कामे बोलून. ज्याची चूक निस्तरता येत नाही ते हाताने. ही कंजुषी तंत्र कच्चे होते म्हणून केलेली नव्हती. आवाजाच्या अंगचे गुण ओळखून केलेली ती वाटणी होती.

मग आवाजाचा हट्ट कशासाठी? ज्यांनी जमिनीवरच्या नियंत्रणकक्षातली परिस्थिती पाहिली आहे त्यांना हा प्रश्न पडणार नाही. मानवरहित विमान चालवणारा माणूस आकाशात नसतो. तो पडदे, मेनू आणि कळफलक यांच्यात अडकलेला असतो. एखादा साधा बदल करायलाही मेनूच्या चार पायऱ्या उतराव्या लागतात, आणि तेवढा वेळ डोळे विमानावरून हटतात. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने 2003 मध्ये नेमकी ही तुलना केली. नक्कल-कक्षात वैमानिकांनी तीच कामे एकदा हाताने आणि एकदा बोलून केली. बोलून केलेली कामे लवकर झाली, चुका कमी झाल्या आणि त्या काळात विमानही जास्त स्थिर उडवले गेले. याहून बोलका पुरावा 2006 च्या एप्रिलमधला आहे. ॲरिझोनातल्या नोगालेसजवळ अमेरिकी सीमा सुरक्षा यंत्रणेचे प्रीडेटर-बी हे मानवरहित विमान कोसळले. नियंत्रणकक्षात शेजारी-शेजारी दोन सारखेच टेबल होते. एक बंद पडले म्हणून वैमानिकाने नियंत्रण दुसऱ्यावर घेतले. पण त्या टेबलावरचा एक दांडा तोवर कॅमेऱ्याचे छिद्र उघडण्या-मिटण्यासाठी वापरात होता. नियंत्रण बदलताच त्याच दांड्याच्या त्याच स्थितीचा अर्थ झाला इंधन बंद. इंजिन थांबले. तपासणी-यादी पाळली असती तर हे टळले असते, असे चौकशीत निघाले, आणि ते खरेच आहे. तरी आवाजाच्या बाजूने एक मुद्दा इथे सुटू नये. दांड्याला ‘आधीची जागा’ असते, बोललेल्या शब्दाला नसते. ‘इंधन बंद’ असे कोणी चुकून, आधीच्या कामातून उरलेले म्हणून, बोलून ठेवत नाही.

इथपर्यंत आवाजाचे पारडे जड. पण ही सगळी कामे सुटी-सुटी आहेत: एक आकडा, एक पर्याय, एक नाव. उडवणे हे काम त्या जातीचे नाही. क्रिस्टोफर विकेन्स या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात मांडलेल्या सिद्धांतानुसार शब्दांचे काम आणि जागेचे, दिशेचे काम ही मेंदूत वेगवेगळ्या साधनांवर चालतात. म्हणूनच हात एका कामात असताना बोलून दुसरे काम उरकता येते. आणि म्हणूनच सतत बदलणारी दिशा शब्दांत पकडू गेले की दमछाक होते. साधा हिशेब बघा. ड्रोन सेकंदाला 15 मीटर, म्हणजे ताशी 54 किलोमीटर वेगाने जातो आहे. ‘थोडे डावीकडे घे’ एवढे बोलायला एक सेकंद आणि यंत्राला उमगायला अर्धा सेकंद धरला, तर आज्ञा लागू होईपर्यंत ड्रोन वीस-बावीस मीटर पुढे गेलेला असतो. शिवाय ‘थोडे’ म्हणजे किती? स्टिकवरचा अंगठा हे प्रमाण क्षणोक्षणी बदलतो. शब्दाला ते जमत नाही. उपग्रहामार्गे चालणाऱ्या रीपर या मानवरहित विमानांत आज्ञा जाऊन चित्र परत यायला सेकंदाहून अधिक वेळ लागतो, म्हणून त्यांचे उड्डाण आणि उतरणे धावपट्टीजवळ बसलेल्या वेगळ्या चमूकडे असते. आवाजाने उडवणे म्हणजे आपण होऊन तसा विलंब ओढवून घेणे. एमआयटीत रिचर्ड बोल्ट यांनी 1980 मध्येच यातली मेख दाखवली होती. त्यांच्या प्रयोगात माणूस मोठ्या पडद्यापुढे बसून ‘ते तिथे ठेव’ असे बोले, आणि ‘ते’ व ‘तिथे’ म्हणताना बोट दाखवी. बोटाशिवाय ते वाक्य निरर्थक होते. ड्रोनला जागा दाखवायची तर नकाशावर बोट टेकवणे हेच आजही सर्वांत निर्धोक आहे. तिथे गेल्यावर काय करायचे ते मात्र बोलून सांगावे.

आता गोंगाटाकडे वळू, कारण इथे कल्पना आणि वास्तव यांच्यात बरेच अंतर आहे. ड्रोनवरच मायक्रोफोन बसवून त्याला हाक मारावी, हे चित्रपटात शोभते. दोन पात्यांचा पंखा मिनिटाला 6,000 फेरे घेत असेल तर पात्यांचा मूळ सूर 200 हर्ट्झचा येतो आणि त्याच्या पटीतले सूर थेट माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात पसरतात. पंखा मायक्रोफोनपासून वीतभर अंतरावर, बोलणारा शंभर मीटरवर. यात कोण जिंकणार ते सांगायला नको. 120 मीटर उंचीवर आवाज पोचायलाच सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. म्हणून व्यवहारात मायक्रोफोन माणसाच्या तोंडाशी असतो आणि आज्ञा रेडिओने वर जाते. तरीही वारा, ट्रॅक्टर, जनरेटर सुटत नाहीत. एत्येन लोम्बार या फ्रेंच वैद्याने 1911 मध्ये नोंदवले की गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, आणि चढलेला आवाज नुसता मोठा नसतो, त्याचा सूर आणि स्वरांची लांबीही बदलते. शांत खोलीतल्या आवाजावर शिकलेले यंत्र शेतात ओरडणाऱ्या माणसाला म्हणूनच नीट ओळखत नाही. अशा जागी शब्दांची निवड हे अभियांत्रिकीचे काम होते. मराठीत आज्ञा ठरवायच्या तर ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ ही जोडी वाईट: सुरुवातीचा तुकडा वाऱ्यात गेला की दोन्हींत उरते ते ‘वीकडे’. ‘थांब’ आणि ‘लांब’ तसेच. ‘कापूस’मधला सुरुवातीचा ‘काप’ बुडाला तर ऐकू येतो ‘ऊस’, आणि कपाशीवर उसाच्या हिशेबाने उंची धरली तर फवारा वाऱ्यावर शेजारच्या वावरात जातो. विदर्भातला शेतकरी कदाचित ‘पऱ्हाटी’च म्हणेल, तो प्रश्न वेगळाच. आकड्यांचेही तसेच. ‘सत्तावन्न’, ‘अठ्ठावन्न’ रेडिओवर टिकत नाहीत. पाच-सात, पाच-आठ असे सुटे अंक टिकतात. आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीत तीनचा उच्चार ‘ट्री’ आणि नवाचा ‘नाइनर’ करतात तो याच धोरणातून.

यंत्रे आता जवळजवळ माणसाइतकीच अचूक झाली आहेत, मग एवढी काळजी कशाला, असा आक्षेप येतो. 2017 मध्ये मायक्रोसॉफ्टने टेलिफोनवरच्या संभाषणांच्या एका प्रसिद्ध संचावर शब्दचुकांचे प्रमाण 5.1 टक्क्यांवर आणल्याचे जाहीर केले, आणि ती मोठीच मजल होती. पण सरासरी कोणाची, हे विचारले पाहिजे. 2020 मध्ये अमेरिकेत ॲमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रणाली तपासल्या गेल्या. गोऱ्या वक्त्यांच्या शंभर शब्दांत सरासरी 19 चुका झाल्या, कृष्णवर्णीयांच्या शंभरात 35. भाषा दोघांचीही इंग्रजी. पुण्याच्या स्टुडिओतली मराठी ओळखणारे यंत्र चंदगडच्या किंवा नंदुरबारच्या बोलीपुढे कसे वागेल याची कल्पना यावरून करता येते. आणि अगदी चांगले प्रमाण धरले तरी बेरीज आपल्या बाजूची नाही: प्रत्येक शब्द 98 टक्के अचूक ओळखला गेला आणि आज्ञा पाच शब्दांची असली, तर पूर्ण आज्ञा बरोबर असण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या आसपास येते. शब्दसंग्रह आणि वाक्यरचना मर्यादित ठेवली की हा आकडा सुधारतो, हे मान्य. पण तो मुद्दा माझ्याच बाजूचा झाला. प्रवासी विमानांत जिवावर बेतणारा बिघाड अब्ज उड्डाण-तासांत एकदाही होऊ नये अशी अपेक्षा धरतात. दहातली एक आज्ञा आणि अब्जातला एक तास यांच्यामधली दरी नुसते यंत्राचे कान सुधारून भरणार नाही.

याहून ताजा आक्षेप मोठ्या भाषा-प्रारूपांचा आहे. ठरावीक 200 शब्द घोकण्याचे दिवस गेले, आता माणसाने मोकळेपणी बोलावे आणि यंत्राने अर्थ काढावा, असे म्हटले जाते. यात तथ्य आहे. 2023 च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी चॅटजीपीटीकडून ड्रोन चालवून दाखवला; साध्या इंग्रजीत उद्देश सांगायचा आणि प्रारूपाने त्याचा प्रोग्रॅम लिहायचा. पण त्या कामातला कमी चर्चेत आलेला भाग असा, की प्रारूपाला थेट मोटारी फिरवू दिल्या नव्हत्या. आधीच तपासलेल्या मोजक्या क्रिया त्याच्या हाती दिल्या होत्या, आणि त्याने लिहिलेला प्रोग्रॅम माणसाने बघून मगच चालवावा अशी शिफारस होती. म्हणजे तोंडाशी शब्दसंग्रह मोकळा झाला, पण यंत्राच्या हाताशी तो मर्यादितच राहिला. ते योग्यच होते, कारण ही प्रारूपे चुकतात तेव्हा अडखळत नाहीत, अस्खलितपणे चुकतात. 6,80,000 तासांच्या ध्वनीवर शिकवलेल्या व्हिस्पर या प्रणालीच्या 2024 मधल्या तपासणीत सुमारे एक टक्का नोंदींमध्ये कोणी उच्चारलेच नव्हते असे शब्द आढळले, आणि बोलणारा मध्ये जास्त थांबला की हे जास्त घडे. जुन्या यंत्राला कळले नाही तर ते ‘पुन्हा सांगा’ म्हणे. नवे यंत्र शांततेतही वाक्य ऐकते. टंकलेखनात ही गंमत आहे, आकाशात नाही.

म्हणून उत्तर कानांपेक्षा पुढच्या टप्प्यात शोधावे लागते, आणि ते विमानवाहतुकीत तयार आहे: रीडबॅक, म्हणजे ऐकलेली सूचना सूचना देणाऱ्याला परत म्हणून दाखवणे. 27 मार्च 1977 रोजी तेनेरीफच्या धुक्यात केएलएम आणि पॅन ॲमची दोन जंबो विमाने धावपट्टीवर आदळून 583 माणसे गेली. केएलएमच्या वैमानिकाने ‘आता उड्डाणावर’ अशा अर्थाचे मोघम वाक्य उच्चारले, त्याच्या उत्तरात नियंत्रकाने थांबायला सांगितले, पण त्याच क्षणी पॅन ॲमनेही बोलायला सुरुवात केली आणि दोन्ही संदेश एकमेकांत मिसळून केएलएमच्या कानात शिट्टी वाजली. त्यानंतर ठरावीक शब्दप्रयोग कडक झाले. ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा असा दंडक आला. नुसता रीडबॅकही पुरत नाही, हे आपल्याकडे 12 नोव्हेंबर 1996 रोजी चरखी दादरीवर दिसले. दिल्लीकडे उतरणाऱ्या कझाक विमानाने 15,000 फुटांवर राहायचे होते, तसे रेडिओवर कबूलही केले गेले होते. प्रत्यक्षात ते खाली आले आणि 14,000 फुटांवर असलेल्या सौदी विमानाला धडकले. 349 मृत्यू. त्या विमानात रेडिओवर बोलणारा माणूस वेगळा होता, विमान हाताळणारे वेगळे, आणि बोलणाऱ्याच्या स्वतःच्या समोर उंचीमापक नव्हता. जो बोलला त्याला कळले होते. जो उडवत होता तो वेगळेच करत होता. आज ड्रोनच्या बहुतेक प्रणालींत हाच दोष नव्या रूपात आहे. आवाज ओळखणारा भाग ‘30 मीटरवर जा’ असे ऐकल्याचे पडद्यावर दाखवतो आणि वापरणारा निश्चिंत होतो. पण दाखवायला हवे ते ऑटोपायलटने काय ठरवले ते: आत्ताची उंची 42, जाणार 30, जमिनीपासून की उड्डाणाच्या जागेपासून. टेकडीवरून उडवलेल्या ड्रोनसाठी हा शेवटचा फरक जीवघेणा असू शकतो. रीडबॅक कृती करणाऱ्याने दिला पाहिजे.

प्रत्येक आज्ञेला असे उत्तर द्यायचे तर वेळ जाईल आणि आवाजाचा फायदाच संपेल, हा यावरचा रास्त आक्षेप. पण विमानवाहतूकही प्रत्येक वाक्य परत म्हणवून घेत नाही. उंची, दिशा, वेग, धावपट्टी अशा जिवाशी निगडित गोष्टीच परत म्हणाव्या लागतात. ड्रोनमध्येही परिणामाप्रमाणे पायऱ्या करता येतात. फोटो काढ म्हटले तर लगेच काढावा. चुकला तर बिघडले काय? उंची कमी करायची तर आकडा बोलून दाखवावा. भार सोडायचा, मोटारी बंद करायच्या, तर आवाजाबरोबर बोटही लागावे. ‘थांब’ला मात्र पुष्टी मागू नये, कारण चुकून थांबण्याची किंमत काही सेकंदांची असते आणि न थांबण्याची किती ते सांगता येत नाही. तरीही तोंडी ‘थांब’वर विसंबून रिमोटवरचे परतीचे बटण काढून टाकणारा निर्माता भेटला तर त्याच्याकडून ड्रोन घेऊ नये. दुसरी मदत संदर्भाची आहे. जर्मनीच्या डीएलआर या संशोधन संस्थेने हवाई नियंत्रकांचे बोलणे ओळखताना रडारवरची स्थिती हाताशी घेतली: आत्ता कोणते विमान कुठे आहे, त्याला कोणती सूचना संभवते, बाकीच्या शक्यता आधीच बाद. चुका त्याने लक्षणीय कमी झाल्या. ड्रोनला आपली उंची, बॅटरी आणि शेताची हद्द ठाऊक असते. जमिनीपासून तीन मीटरवर असताना ‘पाच मीटर खाली’ ऐकू आले, तर ते चुकीचे ऐकले आहे हे कळायला मोठे प्रारूप लागत नाही.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. 2017 मध्ये चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च ध्वनीतून फोनना आज्ञा दिल्या. 2019 मध्ये मिशिगन आणि टोकियोच्या संशोधकांनी शंभर मीटरहून दुरून लेझरच्या प्रकाशाने मायक्रोफोनला ‘ऐकायला’ लावले. आवाज कोणाचा हे तपासणे त्यामुळे आलेच. पण सर्दी झालेल्या मालकालाही ओळखले पाहिजे, आणि इथे अजून समाधानकारक तोड नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र तंत्राचा नाही. आवाजावर इतकी बंधने घातली तर ज्यांना त्याची खरी गरज आहे, ज्यांना इंग्रजी मेनू वाचता येत नाहीत किंवा बोटांनी स्टिक हाताळता येत नाही, त्यांनाच आपण दाराबाहेर ठेवतो. केंद्र सरकारने 2023 च्या नोव्हेंबरात मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत 1,261 कोटी रुपये खर्चून 15,000 महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन देण्याचे ठरले. या बायकांनी इंग्रजी पडद्याशी झटापट का करावी? करू नये. पण त्यांचे काम जवळून पाहिले की आवाज कुठे हवा ते आपोआप स्पष्ट होते. फवारणीचा ड्रोन स्टिकने फार थोडा वेळ उडतो. आधी हद्द आखायची, ओळींमधले अंतर, पिकापासूनची उंची, वेग, एकरी दहा लिटर की कमी, हे भरायचे आणि मग यंत्राने ठरलेल्या ओळींत जायचे. वेळ जातो आणि चुका होतात त्या या भरण्यात. ‘चार एकर कपाशी, एकरी दहा लिटर’ असे मराठीत सांगावे, यंत्राने सगळा आराखडा मराठीत परत म्हणून दाखवावा आणि मग ताईंनी बटण दाबावे: इथे ड्रोन जमिनीवर उभा आहे, घाई नाही, चूक दुरुस्त करायला वेळ आहे. म्हणजे आवाज जिथे सर्वांत सुरक्षित आहे, तिथेच तो सर्वांत उपयोगीही ठरतो.

सैन्यात चित्र वेगळे दिसते, पण वाटणी तीच लागू पडते. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने 2021 च्या एअरो इंडिया प्रदर्शनात मांडलेल्या योजनेत तेजसच्या वैमानिकाने सोबतच्या मानवरहित विमानांकडून काम करून घ्यायचे आहे. स्वतःचे विमान उडवताना दुसऱ्याचे सुकाणू बोलून फिरवणे अशक्यच. उद्देश सांगणेच शक्य. सोबतचे यंत्र जितके स्वतंत्र, तितका एक शब्द जास्त वजनाचा होतो, आणि तो चुकीचा ऐकला गेला तर होणारे नुकसानही तितकेच वाढते. शस्त्राच्या बाबतीत टायफूनच्या रचनाकारांनी ओढलेली रेघ पुसण्याइतका पुरावा अजून कोणी पुढे केलेला नाही. नागरी बाजूला आपले 2021 चे ड्रोन नियम जबाबदारी रिमोट पायलटवर ठेवतात, आणि तोंडी आज्ञेच्या अपघातात तो ‘मी असे म्हणालोच नव्हतो’ म्हणेल तेव्हा काय, हा वाद लवकरच न्यायालयात जाणार आहे. नोगालेसच्या चौकशीत इंजिन का थांबले ते सांगता आले, कारण दांड्याची स्थिती नोंदली गेली होती. आवाजावर चालणाऱ्या ड्रोनमध्ये तीन नोंदी वेगवेगळ्या हव्यात: मूळ ध्वनी, यंत्राने लावलेला अर्थ आणि ऑटोपायलटने केलेली कृती, तिन्हींवर एकच वेळ-शिक्का. मूळ ध्वनीची जागा वाचवण्यासाठी नुसता मजकूर ठेवण्याची सोय स्वस्त पडते. पण मग चौकशी करणाऱ्याच्या हाती यंत्राचाच जबाब लागतो, माणसाचा नाही.